मामा बोलतोय

२ फेब्रुवारी

चि. बबडीस,

बाबाचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र आणि स्वेटर दोन्ही पोचले. स्वेटर पोटावर सैल होतोय, तेव्हा दुकानदाराने तुला फसवलेलं दिसतं. बाकी इकडे सगळं ठीक. सलून चालू आहे. शेजारचा इस्त्रीवाला रोज तुझी चौकशी करतो आणि रोज एक प्रश्न जास्त विचारतो. मधल्या खुर्चीचा दांडा पुन्हा ढिला झालाय. गिऱ्हाईक बसलं की हळूहळू खाली जातं आणि मी कात्री घेऊन त्याच्यामागे वाकत जातो.

फोन का उचलत नाही, असं तू सरळच विचारलंस, तर सरळच सांगतो. वरचे काही दात काढावे लागले, डाव्या बाजूचे. आता कवळी व्हायची आहे, आणि ती होईपर्यंत माझं बोलणं जरा बोबडं येतं. जन्मभर ज्याची कात्री आणि जीभ बरोबरीने चालली, त्याने लेकीशी बोबडं बोलावं हे मला पटत नाही. एवढंच कारण. मेसेज करा म्हणशील, तर त्या मोबाइलची अक्षरं माझ्या बोटाला एकदम तीन-तीन लागतात. एक ओळ लिहीपर्यंत अर्धी दाढी होते. म्हणून पत्र.

कवळीचं घोडं अडलंय ते मापापाशी. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. घोड्याच्या नालासारखा एक ट्रे असतो, त्यात थंडगार ओला लगदा भरायचा आणि टाळूला लावून घट्ट होईपर्यंत थांबायचं. तो ट्रे दातांच्या आत शिरला न शिरला तोच माझ्या घशाने अशी उसळी मारली की बाईंना चष्मा धुवायला जावं लागलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ‘काका, काही लोकांचा घसा फार जागा असतो,’ असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझा तर पहारेकरी आहे.

दुसरी गोष्ट. परवाचा फोन मामाने उचलला याचं तुला फार नवल वाटलं. मलाही वाटलं. हो, आला होता तो. बायकोचा सख्खा भाऊ, आणि केस कापायला समोरच्या सलूनमध्ये जाऊन बसतो, हे मी इतकी वर्षं मनात धरलं होतं. तुझी आई असती तर तिने आम्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटली असती. आता वयं झाली. मिटलं आमचं, एवढं समज.

मामाशी मिटवलंत, मग माझ्याशीच अबोला का, असं तू लिहिलंस. अगं, तुझ्याशी भांडण आहे कुठे? तू चिडलीस ते बरोबरच होतं. तुझी नोकरी पक्की व्हायच्या आत मीच गावभर केलं, ती हुकली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तरं तुला द्यावी लागली. त्या दिवशी घर सोडताना तू काय म्हणालीस ते मला आता आठवतसुद्धा नाही.

जेवत जा. रात्रीची जागरणं कमी कर.

तुझा,
बाबा


१९ फेब्रुवारी

चि. बबडीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग घाम आला. लहानपणी शाळेतून आल्यावर माझ्या खिशात शेंगदाणे आहेत की नाहीत हे तू नुसत्या वासावरून सांगायचीस. ते नाक अजून शाबूत दिसतं.

मामा फोनवर एवढंच का बोलला, असं विचारतेस. ‘मामा बोलतोय’ म्हणाला, तू ‘मामा, तू? बाबांच्या दुकानात? बाबांना दे ना’ म्हणालीस, आणि त्याने ‘हं’ म्हणून फोन ठेवून दिला. यात काय नवल? मामा दिवसाला वीस शब्द बोलणार, त्यांतले दहा ‘हं’. आणि नाकात तर तो पहिल्यापासूनच बोलतो. त्याला उगाच फोन करू नकोस. फोनवर तो फार अवघडतो.

कवळीला एवढा वेळ का, हेही विचारलंस. ऐक तर मग. पुढच्या खेपेला बाईंनी मला ताठ बसवलं, मान थोडी पुढे, आणि म्हणाल्या, ‘काका, उजवा पाय वर उचला. मी सांगेपर्यंत खाली आणायचा नाही.’

अगं, हे तर माझंच! तुला आठवतं ना, खुर्चीच्या हातांवर फळी टाकून मी किती रडव्या पोरांचे केस कापलेत? ‘राजा, एक पाय वर धर बघू, खाली आला तर कात्री रुसते.’ पोराचा सगळा जीव पायात, आणि माझी कात्री कानामागे. बाईंनी पाय उचलायला सांगितला आणि मी मनात म्हटलं, आता कात्री येणार. आली. माहीत असलेल्या युक्तीला घसा कशाला फसतो? पाय वरच राहिला आणि मी त्यांच्या पाण्याच्या भांड्यावर ओणवा.

मग जिभेच्या शेंड्यावर मीठ ठेवून झालं. फवारा मारून टाळू बधिर करून झाली. तर बधिर झाल्यावर आपण गिळतोय की नाही तेच कळेना आणि मी जास्तच घाबरलो. बाई चिडत नाहीत, हेच मला जड जातं. तुझ्यासारखी एखादी सणसणीत बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता घरचा अभ्यास दिलाय. सकाळी ब्रशची उलटी बाजू टाळूला लावायची आणि दररोज तांदळाएवढी मागे सरकवायची. शिवाय जुन्या मापावरून एक बिनदातांची पातळ प्लेट करून दिलीय. ती तोंडात ठेवून घरात वावरायचं. मी ती घालतो, गादीवर बसतो, आणि उबळ कधी येते याची वाट बघतो. वाट बघणाऱ्याकडे पाहुणा लवकर येतो. मी प्लेट काढून ओट्यावर आपटतो आणि मग धुऊन ठेवतो.

घाई त्यांना आहे, मलाही आहे. सकाळी तोंडात उभी बोटं घालून बघायची सवय लागलीय. आधी तीन मावायची. आता दोन मावतात, तिसरं रुसतं. ‘काका, तोंड आखडत चाललंय. एप्रिलच्या आत माप झालं नाही तर ट्रे आत जाणारच नाही, आणि मग मी काही करू शकणार नाही,’ असं बाई स्पष्ट म्हणाल्या. दात काढल्यावर होतं म्हणे असं.

सलून बरं चाललंय. माझं बोलणं बंद झाल्यापासून गिऱ्हाईक वाढलंय, याचं वाईट वाटून घ्यावं की कसं ते ठरत नाही. काल पाणी पिताना नाकातून आलं आणि समोरच्या माणसाचा टॉवेल भिजला. ठसका लागला होता, म्हणून.

व्हिडिओवर चेहरा दाखवा म्हणतेस. कवळी झाली की दाखवीन. बोळक्या तोंडाचा बाप बघून काय करणार आहेस?

जेवत जा.

तुझा,
बाबा


९ मार्च

चि. बबडीस,

आशीर्वाद.

तू मामाला फोन केलास. करू नकोस म्हटलं होतं.

आणि मला तू लिहिलंस ते पत्र माझ्या समोर आहे. ‘माप अजून झालंच नाही, तर जुनं माप आलं कुठून? ठसक्याचं पाणी नाकातून येतं, ते एकदा. तुम्ही रोज टॉवेल बदलता असं इस्त्रीवाले काका सांगतात.’ म्हणजे तू त्यालाही फोन केलास. आणि खाली ती ओळ: ‘या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी दुकानात फोन करीन. तुम्ही स्वतः बोलला नाहीत तर मी समजेन की बापलेकीचं नातं संपलं, आणि पुन्हा फोन करणार नाही.’ तू बोलतेस तसं करतेस, हे मला ठाऊक आहे. माझीच आहेस.

मामा गुरुवारी दुपारी आला. दुकान रिकामं होतं. मी प्लेट तोंडात घालून वस्तऱ्याला धार लावत होतो. आरशात बघतो तर दारात हा उभा, इतक्या वर्षांनी, हातात पिशवी, केस समोरच्याने कापलेले आणि वाईट कापलेले.

‘मी म्हणे तुझ्या दुकानात येऊन फोन उचलला,’ तो म्हणाला.

मी ‘बस’ म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो. तोंडातून आलं ‘मस’, तेही नाकातून, आणि ‘स’ तर कुठल्या कुठे उडून गेला. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी तोंड फिरवलं. बोबड्या बोलण्याला तो फसला नाही. त्याने पिशवी खाली ठेवली, मधल्या खुर्चीत बसला, खुर्चीबरोबर हळूहळू खाली गेला आणि म्हणाला, ‘दाढी कर.’

मला हात चालवायला काही तरी हवंच होतं. मी फेस लावला, वस्तरा उघडला. जबड्याखालची कातडी अंगठ्याने ताणली आणि गळ्यावरून पातं वर घ्यायला लागलो, आणि तेव्हा लक्षात आलं की प्लेट तोंडातच आहे. लक्षात आलं तशी उबळ उठली. पोटातून निघाली ती सरळ घशापर्यंत.

माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती. गळ्यावर पातं असताना आपल्याला शिंक नाही, खोकला नाही, कोणी गेल्याची बातमी आली तरी दचकणं नाही. हात अर्ध्यावर उचलायचा नाही, तिथेच कापतं. घेतलेला हात पुरा करायचा, मग पातं उचलायचं, मग काय रडायचं ते रड. मी हात पुरा केला. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, आणि हात मात्र आपला आपला चाललाय. पातं उचललं आणि आता ओकायला मोकळा झालो म्हणून वाकलो, तर उबळ नव्हतीच. दारापर्यंत येऊन परत गेली होती.

मी तसाच दुसरा हात घेतला. मग तिसरा. मामाची दाढी पुरी झाली आणि प्लेट तोंडातच होती.

मामाने गालावरून हात फिरवला. ‘आता येईन इथंच,’ म्हणाला. ‘तेव्हा सोडून गेलो ते तू फार बोलायचास म्हणून.’

मी हसलो, आणि हसता हसता खाली बसलो, आणि मग त्याला लिहून सगळं सांगितलं. त्याने वाचलं. म्हणाला, ‘पोरीला कळव. नाहीतर मी सांगतो. मला बोलायला आवडत नाही, पण बोलेन.’

म्हणून आता कळवतो. बबडे, खाली बसून वाच.

डिसेंबरात तुला सांगितलं तसा मी मित्राकडे गेलो नव्हतो, इस्पितळात होतो. टाळूला गाठ होती. वाईट गाठ. डावीकडचा वरचा जबडा, त्यातले दात आणि निम्मी टाळू काढली. गाठ सगळी निघाली असं सर्जन म्हणतात, एप्रिलपासून किरणं द्यायची आहेत. आता माझ्या तोंडाला आणि नाकाला मधली भिंत नाही. जेवण नाकात जातं, पाणी बाहेर येतं, आणि बोलताना वारा तोंडात साठतच नाही, सगळा नाकाने निघून जातो. ऑपरेशनच्या वेळी बेशुद्ध असताना एक माप घेतलं होतं, त्यावर केलेली खोटी टाळू मी घशाच्या पायी दोन दिवसही ठेवू शकलो नाही. आता जखम आक्रसून ती बसतच नाही. पुन्हा बेशुद्ध करायला छातीचे डॉक्टर तयार नाहीत. म्हणजे जागेपणी माप झालं तर बोलेन, नाहीतर असाच.

असाच म्हणजे कसा ते तुला माहीत आहे. त्या दिवशी फोन मीच उचलला होता. हौसेने उचलला. ‘बाबा बोलतोय’ म्हणालो. ‘ब’ला ओठ मिटून वारा धरावा लागतो ग, आणि माझा वारा नाकाने पळतो. मला वाटलं मी ‘बाबा’ म्हणालो. तुला ‘मामा’ ऐकू आलं. तू इतकी खूश झालीस, मामाला बाबांनी घरात घेतलं म्हणून, की पुढे काय बोलावं मला सुचेना. ‘हं’ म्हणालो आणि ठेवला. नंतर खुर्चीत बसून खूप रडलो. सांगून टाकलं, आता बरं वाटतंय.

आत्ता येऊ नकोस. का ते विचारू नकोस. सोमवारी पुन्हा माप आहे. मामा बरोबर येणार आहे.

तुझा,
बाबा


२५ मार्च

चि. बबडीस,

आशीर्वाद. हे पत्र कुरिअरने पाठवतोय, शनिवारपर्यंत हातात पडेल असं तो मुलगा शपथेवर म्हणाला.

तुझी दोन पत्रं आली. पहिल्यात तू मला मनसोक्त झापलंस, ते वाचून चार घास जास्तच गेले. दुसऱ्यात एकच ओळ होती. तिच्याकडे मी शेवटी येतो. आधी मापाचं सांगू दे.

डॉक्टरीणबाईंना मी दाढीची हकीगत लिहून दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि मामाकडे बघून विचारलं, ‘आणि तुम्ही बसलात?’ मामा म्हणाला, ‘हं.’ मग बाई म्हणाल्या, ‘काका, तुमची उबळ घशात कमी आणि वाट बघण्यात जास्त आहे. माप घेताना तुम्हाला दुसरं काही करायला नसतं. आज काम देऊ या.’ मामाला त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं, मला समोर उभं केलं आणि हातात मिटलेला वस्तरा दिला. उघडायचा नाही, नुसता गळ्यावर धरायचा.

ट्रे आत गेला. मी मिटलेला वस्तरा मामाच्या गळ्यावर धरला. घसा उसळला, ट्रे उडाला, लगदा मामाच्या शर्टावर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हाताला कळतं ना, की पातं मिटलेलं आहे. तिसऱ्या वेळी ट्रे आत जाताना कडेला अडला आणि टाके होते तिथून रक्त आलं. बाईंनी हातमोजे काढले. ‘आज इथंच थांबू,’ म्हणाल्या. मला कळलं की आज म्हणजे आज नव्हे. पुढे नाहीच.

मी तुझ्या रविवारचा विचार करत होतो. आणि काय सांगू, माझा असा संताप झाला. या घशावर, या वयावर, त्या लगद्यावर. मी वस्तरा उघडला.

बाई म्हणाल्या, ‘काका, नाही.’ मामाने मान मागे टाकली आणि गळा वर केला.

बाई दाराकडे गेल्या. मला वाटलं कोणाला बोलावतायत. त्यांनी आतून कडी लावली. परत आल्या, नवे हातमोजे घातले, म्हणाल्या, ‘एकदाच. मी “थांबा” म्हटलं की पातं आधी बाजूला, मग बाकीचं.’

फेस नव्हता, बाईंनी हात धुवायच्या साबणाचा केला. ट्रे आत गेला. एका बोटाने बाई तो धरून होत्या. मी कातडी ताणली आणि हात घेतला, मुंगीच्या पावलाने. उबळ आली. त्या गुरुवारच्या दुप्पट आली. डोळ्यांपुढे काजवे, नाकातून लगद्याचा वास. मामाच्या घशाची गाठ माझ्या पात्याखाली एकदा खाली जाऊन वर आली, आणि तो माझ्याकडे बघत होता, डोळे न मिटता. इतकी वर्षं ज्याच्याशी बोललो नाही तो माणूस आपला गळा माझ्या हातात देऊन बसला होता. मी हात पुरा केला. पातं न उचलता पुढचा घेतला. बाई हळू आवाजात ‘छान, छान’ म्हणत होत्या, मी लहान पोरांना म्हणतो तस्सं.

‘थांबा.’

पातं बाजूला. ट्रे बाहेर. माप आलं होतं, मागच्या कडेपर्यंत, अख्खं. बाईंनी ते दिव्यासमोर धरून सगळ्या बाजूंनी बघितलं. ‘हे कुठे बोलू नका,’ म्हणाल्या. मला सांगतायत! पण कोणाला सांगणार नाही, तुला सोडून. मामाच्या गळ्यावर एक ओरखडासुद्धा नाही, फक्त अर्धी दाढी राहिली होती ती घरी येऊन केली.

काल टाळू मिळाली. डाव्या बाजूला दात, आणि वर पोकळीत बसेल असा गोळा. घातली. बाईंनी माझ्या नाकाखाली छोटा आरसा धरला आणि म्हणाल्या, ‘बाबा म्हणा.’ मी म्हटलं. आरसा धूसर झाला. वारा अजून गळत होता. त्यांनी मागच्या कडेला थोडं भरलं. आता आरसा जवळजवळ स्वच्छ, पण कड घशाला टेकली आणि उबळ सुरू. थोडं घासलं, उबळ थांबली, आरसा धूसर. असं किती तरी वेळ चाललं. शेवटी त्या स्टुलावर बसल्या. ‘काका, खरं सांगते. कड कापली तर आरामात घालाल, जेवाल, पण “ब”चा “म”च होईल. कड ठेवली तर “ब” येईल, पण ही उबळ तुमच्याबरोबर राहील, महिने, कदाचित कायमची. काय ठेवू?’

मी म्हटलं, ‘“ब” ठेवा.’

आणि ‘ब’ ‘ब’सारखा आला, बबडे. बाई पहिल्यांदा हसल्या.

आता तुझी ती ओळ. ‘बाबा, मी जाताना बोलले म्हणून हे झालं का?’

याचसाठी मी तुला काही कळवलं नव्हतं. लाज म्हणून नाही, राग म्हणून तर नाहीच. तू हे विचारशील, आणि कोणाला न विचारता जन्मभर स्वतःला विचारत राहशील, म्हणून. तुला ये म्हणालो नाही तेही म्हणूनच. माझं हे तोंड बघून तू घरात शिरायच्या आत हाच हिशेब मांडला असतास. काय म्हणालीस ते आठवत नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं. उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, ‘एक दिवस जीभ झडेल तुमची, बाबा.’ तर नीट ऐक. माझी जीभ जागेवर आहे. गेली ती टाळू. तुझा शाप असता तर नेमका लागला असता, माझी लेक असा नेम चुकवणारी नाही. आणि चेष्टा सोडून सांगतो, सर्जन म्हणाले की गाठ तू घर सोडायच्या कितीतरी आधीची. मलाच ती जिभेला लागत होती, फोड आहे म्हणून मी सोडून दिली. तुझी जीभ काळी नाही. चिडलेल्या पोरीची जीभ असते तशी आहे, आणि मला ती ऐकायची आहे. चार महिने त्याच एका आवाजासाठी मी त्या लगद्याशी भांडलो.

रविवारी फोन कर. सकाळी दुकान उघडलं की मामा खुर्चीत येऊन बसणार आहे, फेस लावून. फोन स्पीकरवर ठेवीन आणि त्याची दाढी करत बोलेन. कड मागे आहे, नुसतं उभं राहून मला फार वेळ जमत नाही, पण हातात काम असलं की जमतं. पहिला शब्द नीट ऐक. अजून तो कधी कधी मधेच लटपटतो, ‘बा’ आणि ‘मा’च्या अधेमधे कुठे तरी पडतो. ‘मामा’ ऐकू आलं तरी फोन ठेवू नकोस, मामा तोंड उघडणार नाही, त्याच्या तोंडावर फेस असेल. मीच असेन.

आणि एक. मला हसवू नकोस. रडवू तर मुळीच नकोस. पात्याखाली मामाचा गळा असेल.

तुझा,
बाबा